कुर्ली पोकळ का निघाली?

प्रश्न : सर, गेल्या आठवड्यात मालवणच्या बाजारातून सहा कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणल्या. दोन हाताला मऊ लागत होत्या. फोडल्या तर आत मांस कमी, पाणीच जास्त. विकणाऱ्या काकी म्हणतात, त्यांनी कात टाकलीय. मला फसवलं का? आणि नात विचारते, गोगलगायसुद्धा शंख बदलते का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : काकी खरं बोलल्या. पण भाव कमी करायला हवा होता.

कुर्लीचं कवच हाच तिचा सांगाडा. स्नायू आतून त्यालाच चिकटलेले असतात. कायटिन नावाच्या चिवट पदार्थाच्या थरांत कॅल्शियम कार्बोनेट भरून ते घट्ट होतं आणि मग ताणता येत नाही. वाढायचं तर जुनं टाकावंच लागतं. त्याच्याखाली नवं मऊ कवच घडी घातल्यासारखं तयार झालं, की मागच्या बाजूची शिवण उसवते आणि कुर्ली उलट्या पावली बाहेर पडते. डोळ्यांवरचं, कल्ल्यांवरचं आवरण, इतकंच काय जठराचं अस्तरही मागे राहतं. मला अजून नवल वाटतं ते डेंग्यांचं, म्हणजे नांग्यांचं. एवढा मोठा गोळा त्या चिंचोळ्या सांध्यातून ओढून काढायचा! त्यासाठी डेंग्यातले स्नायू आधीच झिजून बारीक होतात.

बाहेर आल्यावर ती पाणी शोषून फुगते, म्हणजे नवं कवच मोठ्या मापावर कडक होतं. मांस मागाहून सावकाश भरतं. तुम्ही पैसे मोजलेत ते या मधल्या पाण्याचे.

आमची आत्या कुर्ली उलटी करून पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबायची. दबली की परत टोपलीत. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून मीही बाजारात तेच करतो. अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या, असं घरोघरी म्हणतात; पण कात कधी टाकायची हे वय, खाणं आणि पाण्याची ऊब यांवरही असतं. पिल्लं भराभर टाकतात, थोराड कुर्ली कित्येक महिन्यांनी. तेव्हा तिथी कुठलीही असो, अंगठा वापराच.

नातीला सांगा, गोगलगायीला हा खटाटोप नाही. ती शंखाच्या तोंडाशी नवी कड जोडत जाते. दुसऱ्याचे रिकामे शंख बदलत फिरतो तो शंखातला खेकडा. अंगणात गोगलगाय सापडली तर शंखाच्या टोकाचा इवला वेढा तिला दाखवा : अंड्यातून बाहेर आली तेव्हा तिचं घर तेवढंच होतं.