गर्भपात हा स्त्रीचा हक्क म्हणायचं आणि मुलगी आहे म्हणून केलेल्या गर्भपाताला विरोध करायचा, हा दुटप्पीपणा नाही का?

असा आरोप झाला तर आधी समोरच्याला विचारा, दोनपैकी कोणती भूमिका सोडायची? विसंगती दाखवली म्हणजे गर्भपात चूक ठरत नाही. मूल झालं नाही म्हणून बायकोला सोडणाऱ्यावर टीका करणारा घटस्फोटाच्या हक्काविरुद्ध नसतो.

मग कायद्याकडे वळा. पीसीपीएनडीटी कायद्यात, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यात, गुन्हा आहे तो गर्भाचं लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा, अगदी खुणेनं सांगितलं तरी. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१चा. लिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला. त्यासाठी झगडणाऱ्या मुंबईच्या कार्यकर्त्यांनी बंदी मागितली ती चाचणीवर, कारण गर्भपाताच्या हक्काला त्यांना धक्का लावायचा नव्हता.

गडबड आपल्याच, म्हणजे गर्भपाताचा हक्क मानणाऱ्यांच्या, बाजूनं होते. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ असं फलकावर लिहिलं की गर्भ म्हणजे व्यक्ती आणि गर्भपात म्हणजे खून, हे आपणच कबूल करतो. मग मुलाचा गर्भ पाडला तर ती हत्या का नाही, हा प्रश्न रास्त ठरतो. ‘गर्भलिंगनिवड’ म्हणा, आरोपाची निम्मी हवा जाते.

व्यवहारातही हा घोळ महागात पडतो. गर्भपाताच्या गोळ्या (मिफेप्रिस्टोन, मग मिसोप्रोस्टॉल) कायद्यानं ९ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतात. तेवढ्यात सोनोग्राफीवर लिंग कळत नाही. तरी लिंगनिवड रोखायची म्हणून औषध दुकानांवर तपासण्यांचा धडाका लागला, की दुकानदार गोळ्या ठेवणंच बंद करतात. अडकते ती वेळेत आलेली बाई. बारा आठवड्यांनंतर आलेल्या बाईकडे तर सरसकट संशयानंच पाहिलं जातं.

खरा अवघड आक्षेप अपंगत्वाचा आहे आणि तो टाळू नका. २०२१च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं गर्भपात करता येतो. मुलगी नको म्हणणं भेदभाव, मग अपंग मूल नको म्हणणं काय? अपंग हक्कांसाठी काम करणारे हे विचारतात, तेव्हा ‘ते वेगळं’ एवढं उत्तर पुरत नाही. माझ्या मते आधार बाईच्या शरीराचा आणि परिस्थितीचा असेल, तर आठवड्यांची मर्यादा गर्भातल्या व्यंगावरून बदलायला नको. सध्याचा कायदा इथे खरोखरच विसंगत आहे.