लोकसहभागातून जंगल आणि पिण्याचं पाणी राखायचे प्रकल्प सह्याद्रीतल्या जंगलगावांत खरंच टिकतात का?

टिकतात, पण पाणीपट्टी वसूल होते तिथेच. बाकी ठिकाणी श्रमदानाचे फोटो टिकतात.

मी पाटण तालुक्यातला, कोयना खोऱ्यातला. आमच्या नवजाला बऱ्याच वर्षी ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. तरी एप्रिलात हंडे रांगेला. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण आमच्याकडेच जन्मली असणार. उभा उतार, वर जांभा, खाली काळा पाषाण. झाडी नसेल तिथलं पाणी मुरायच्या आधीच धरणात. आमच्या झऱ्याच्या वर देवराई आहे म्हणून तो बारीक होतो, पण आटत नाही.

गावात नळयोजना होती. ओढ्याकाठी विहीर, मोटर, टेकाडावर टाकी. बिल थकलं, वीज तोडली. पोरं टाकीत क्रिकेटचा बॉल शोधायला उतरायची. मग बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, झऱ्यावरूनच उताराने पाणी आणायचं. मोटर नाही, बिल नाही. पाईपासाठी मुंबईकर मंडळाकडे पैसे मागितले आणि तिथे आमचा थोरला दादा आडवा आला. माथाडीत हयात गेलेली, मंडळाचा खजिनदार. म्हणे पैसे कमानीला, पाणी देवाचं, त्याला कसली वर्गणी? देवानं पाणी दिलं, पाईप नाही दिला, असं मी भर यात्रेत बोललो. पुढे बरेच दिवस आमचा अबोला.

कमान झाली. पाईप गटाच्या पैशातून आला. झऱ्याच्या तोंडाशी दगड-सिमेंटची बंदिस्त पेटी, कुलपाचं झाकण, पावसाचा लोंढा वळवायला वरच्या अंगाला चर. देवराईत गुरं दिसली की दंड. पहिला दंड आमच्याच भावकीत झाला, नाव लिहीत नाही. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं ग्रामपंचायतीच्या माणसाचं काम, पण गटातली एक वहिनी शेवटच्या नळाची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, करते आणि पाणी पिवळं झालं नाही तर त्याला घरातून उठवून आणते. झऱ्याचं पाणी शुद्धच असतं म्हणणाऱ्यांनी पहिल्या पावसानंतरचे जुलाब बघावेत. पट्टी थकली की नळ बंद, सरपंचाचासुद्धा.

जंगलाचंही तेच. साताऱ्याजवळच्या कास पठारावर आसपासच्या गावांची समिती पर्यटकांकडून शुल्क घेते, हंगामात पोरांना काम मिळतं, म्हणून गाव फुलं राखतं. नुसत्या जनजागृतीवर कुणी राखणीला बसत नाही.

हां, झरा वनखात्याच्या हद्दीत असेल तर वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) बघा. ग्रामसभेची शिफारस असेल तर पाण्याच्या पाईपलाईनला १ हेक्टरच्या आतली जागा मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात असाल तर भानगड वाढते, आधी वनपालाला भेटा. शिवाय आमचं गाव लहान आणि झरा गावाच्या वर, म्हणून हे जमलं. तरी जलजीवन मिशनचे माणशी रोजचे ५५ लिटर एप्रिलात आमच्याकडेही भरत नाहीत.

दादा सुट्टीला आला की त्याच नळाखाली आंघोळ करतो. त्याच्या घराची पट्टी मी भरतो, पावत्या ठेवल्यात.