जेलवरून वायबीसीओ करणार असशील तर

वायबीसीओ म्हणजे इट्रियम, बेरियम आणि कॉपरचं ऑक्साइड, खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ, म्हणजे अतिवाहक. इट्रियम, बेरियम, कॉपर १:२:३ हे गणित सोपं आहे, गोची वजनात होते. इट्रियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं, आणि जुलैत वाशीच्या खाडीकडची हवा म्हणजे विचारूच नकोस. बाटलीवरच्या सूत्रावर विसंबण्यापेक्षा इट्रियम ऑक्साइड भट्टीत तापव, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार कर, लगेच वजन कर आणि नायट्रिक आम्लात विरघळव. वेळ जातो, जाऊ दे.

तिन्ही धातूंची नायट्रेट पाण्यात एकत्र करून सायट्रिक आम्ल घातलं की अमोनिया थेंबाथेंबाने, पीएच साडेसहाच्या आसपास. पीएच किंवा पाणी कमी पडलं की तळाशी पांढरा साका बसतो, तो बेरियम नायट्रेट. तो तसाच ठेवून पुढे जाऊ नकोस, प्रमाण तिथेच बिघडतं. द्रावण नितळ निळं असेल तर ८० अंशांवर आटव, काकवीसारखं घट्ट होईल, हेच जेल. पुढचं सगळं फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून घेणारं कपाट), मोठ्या बीकरमध्ये थोडं थोडं घेऊन. हे जेल भसकन पेटतं आणि तपकिरी विषारी वायू सोडतं. बेरियमचे क्षारही विषारी, हातमोजे हवेतच.

राख ९०० अंशांवर भाज, नाहीतर बेरियम कार्बोनेट उरतं. मग ती पूड दाबून गोळी कर आणि ९३०च्या आसपास ऑक्सिजनमध्ये भाज. तापमान उतरताना ४५०ला काही तास ऑक्सिजन चालूच ठेव. भट्टी बंद करून घरी गेलास तर काळीभोर, देखणी आणि बिनकामाची गोळी मिळेल.

चांगली गोळी ९२ केल्विनच्या आसपास अतिवाहक होते, द्रव नायट्रोजन ७७ला उकळतो, म्हणजे चाचणी सोपी. बाहेर काढल्यावर मात्र तिच्यावर दव धरतं. ड्रायरने सुकव आणि सिलिका जेलसोबत डबीत बंद कर.