“तिथे कोणी काही शिकवतच नाही!”

परदेशातील विद्यापीठांत एका सत्रासाठी जाऊन येण्याची संधी आपल्याकडच्या कला-विद्यार्थ्यांनाही मिळू लागल्यापासून एक तक्रार समुपदेशक म्हणून माझ्या कानांवर वारंवार पडते आहे. मूल फ्रान्समध्ये असो वा जर्मनीत, चित्रकला शिकत असो वा शिल्पकला, तक्रारीचे शब्द जवळपास तेच असतात: “इथे कोणी काही शिकवतच नाही.” त्यानंतर थोडे थांबून विद्यार्थी विचारतो, “परत यावं का?” आणि पालक विचारतात, “परत बोलवावं का?” या दोन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून मी इथे एका विद्यार्थिनीची हकिकत तिच्या परवानगीने सांगत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींत विखुरलेले बोलणे थोडक्यात आणले आहे.

ती सातारा जिल्ह्यातील. वडील माध्यमिक शाळेत चित्रकला शिक्षक, त्यामुळे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा तिने घरच्याच शिस्तीत दिल्या आणि पुढे मुंबईत पदवीसाठी प्रवेश घेतला. हेड स्टडीत, म्हणजे समोर बसलेल्या मॉडेलचे डोके आणि चेहरा काढण्यात, वर्गात पहिली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तिची निवड जर्मनीतील, ऱ्हाईन नदीच्या परिसरातील एका कला अकादमीत एका सत्रासाठी झाली आणि ऑक्टोबरमध्ये ती तिथे पोहोचली. नोव्हेंबरच्या अखेरीस तिच्या वडिलांचा मला फोन आला.

“मॅडम, रोज रात्री फोन करतो. आज काय शिकवलं, म्हणून विचारतो. ती म्हणते, काही नाही. आणि मग रडायला लागते. मी स्वतः शिक्षक आहे. महिना-महिना कोणी मुलांना काही सांगत नाही, ही कसली शाळा?”

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर समुपदेशनाच्या आधी माहितीत होते. जर्मन कला अकादम्यांत शिक्षण ‘क्लासे’ या रचनेवर उभे असते. एका प्राध्यापकाभोवती वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी एकत्र काम करतात. प्रत्येकाला स्टुडिओत स्वतःची जागा असते, लिथोग्राफी (दगडावरून छपाई), एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छपाई), धातुकाम यांच्या कार्यशाळा असतात, आणि ठरावीक दिवशी सगळा वर्ग एकत्र बसून कोणाच्या तरी कामावर चर्चा करतो. रोजचा विषय दिला जात नाही, आठवड्याचे सबमिशन नसते. सत्राच्या शेवटी किंवा वर्षातून एकदा ‘रुंडगांग’ होतो, म्हणजे अकादमीचे दरवाजे लोकांसाठी उघडतात आणि स्टुडिओंचीच प्रदर्शने होतात. आपल्याकडे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले तेव्हापासून रुजलेली परंपरा वेगळी आहे. तिथे मॉडेल समोर बसते, वेळ ठरलेली असते, सर मागे येऊन उभे राहतात आणि कागदाच्या कोपऱ्यात नाक कसे बसवायचे ते काढून दाखवतात. या दोन्ही परंपरांनी मोठे कलावंत दिले आहेत, पण आपल्या परंपरेतून थेट तिकडच्या परंपरेत गेलेल्या मुलाला सुरुवातीला आपल्याला वाऱ्यावर सोडले आहे असेच वाटते.

ही माहिती मी तिलाही दिली आणि ती म्हणाली, “हे मला इथल्या पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, मॅडम.” माहिती होती, तरीही रडू थांबत नव्हते. म्हणजे रडण्याचे कारण शिक्षणपद्धतीत नव्हते, आणि मी तिथून पुढे शोधू लागले.

“सकाळी स्टुडिओचं दार उघडतेस तेव्हा पहिलं मनात काय येतं?”

ती बराच वेळ विचार करत राहिली. “की आज असं काहीतरी व्हायला हवं, ज्यानं इथे येणं वसूल होईल.”

‘वसूल’ हा हिशेब तिने स्वतः मांडला, म्हणून आम्ही तो पुरता उलगडला. जर्मन व्हिसासाठी दरमहा ९९२ युरोंच्या हिशेबाने रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरून ठेवावी लागते, आणि तिच्या वडिलांनी ती भविष्य निर्वाह निधीतून काढली होती. एक कॉफी घेतली तरी ती मनात रुपये मोजत असे. पण हिशेबाची दुसरी बाजू पैशांहून जड होती. वर्गातल्या प्रत्येकाला ‘स्वतःचे काही म्हणणे’ आहे आणि आपल्याकडे फक्त सफाईदार हात आहे, असे तिने ठरवून टाकले होते. पाच महिन्यांत आपली शैली सापडलीच पाहिजे, नाही सापडली तर आपण कलावंत नव्हतोच, फक्त चांगल्या नकलाकार होतो, हे तिने स्वतःला बजावले होते.

मी ज्या विचारपरंपरेत शिकले, ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ परंपरा आहे आणि इतक्या वर्षांनंतरही माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. प्रसंग माणसाला जेवढा त्रास देतो, त्याहून कितीतरी अधिक त्रास त्या प्रसंगाबाबत त्याने धरलेला हट्ट देतो. शैली सापडावी, ही निरोगी इच्छा आहे. ती या सत्रातच सापडायला हवी, हा हट्ट आहे, आणि हट्ट धरलेल्या माणसाचा हात कागदावर चालत नाही.

मी तिला चित्रकार सय्यद हैदर रझा यांची आठवण करून दिली. नागपूरच्या आणि मग मुंबईच्या कलाशाळेत शिकून ते १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. तिथे त्यांनी आधी गावे, घरे, चर्चे रंगवली. ज्या बिंदूवरून आज शाळकरी मूलही त्यांना ओळखते, तो त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी १९८० च्या सुमारास आला. मध्ये जवळजवळ तीस वर्षे गेली.

“पण ते रझा होते, मॅडम.”

“१९५० मध्ये ते अठ्ठावीस वर्षांचे शिष्यवृत्तीधारक होते. पुढची सगळी वर्षं आपल्याला ठाऊक आहेत, त्यांना नव्हती.”

ती हसली, पण मला कळले की हे तिच्या आत उतरलेले नाही. थोरांची उदाहरणे तासभर धीर देतात आणि रात्री पुन्हा तीच भीती जागी होते. माणूस बदलतो तो स्वतःच्या तोंडून आलेल्या उत्तराने, म्हणून मी पुढच्या भेटीत उदाहरणे बाजूला ठेवली.

“तुझ्या कामाबद्दल प्राध्यापिका काय म्हणाल्या?”

“काहीच नाही. तेच तर सांगते आहे. त्या माझ्याशी बोलतच नाहीत.”

“आणि वर्गातली मुलं?”

“तीही नाहीत. त्यांना माझं काम जुनाट वाटतं.”

“त्यांनी कोणतं काम पाहिलं?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. भेट ऑनलाइन होती, त्यामुळे आधी मला वाटले की आवाज गेला असावा. मग तिने खाली पाहत सांगितले की तिने अजून एकही काम भिंतीवर लावलेले नाही. सगळे पोर्टफोलिओत बंद आहे. इतर मुले येण्याच्या आत ती सकाळी काम करते आणि कोणी आले की कागद उलटा ठेवते. साप्ताहिक चर्चेत मागच्या खुर्चीवर बसते आणि तिची पाळी आली की “अजून तयार नाही” असे सांगते.

न दाखवलेल्या कामाचा निकाल ती दोन महिने सोबत घेऊन फिरत होती.

बरेच समुपदेशक इथे थांबतील आणि म्हणतील, “बघ, त्यांनी तुला नाकारलेलंच नाही, दाखवून तर बघ, त्यांना आवडेलही.” मी इथे थांबत नाही, आणि माझ्या कामातली ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘आवडेलही’ या आशेवर उभे केलेले धैर्य पहिल्या टीकेसरशी कोसळते. म्हणून मी तिला तिच्या भीतीच्या थेट समोर नेले.

“समजा, तू काम लावलंस आणि प्राध्यापिका खरंच म्हणाल्या की हे शाळकरी आहे. मग?”

“मग मी इथे यायलाच नको होतं.”

“हे त्या कामाबद्दल झालं की तुझ्याबद्दल?”

“एकच आहे ना ते?”

“मुंबईत सर तुझ्या हेड स्टडीवर दुरुस्ती करायचे, तेव्हाही एकच होतं?”

ती बोलायला लागली ती हळूहळू, स्वतःलाच ऐकवत असल्यासारखी. “नाही. सर चारकोलने सरळ माझ्या चित्रावर रेघ मारायचे. डोळा खाली आलाय, मान चुकली आहे. सगळ्यांसमोर. मला कधी काही वाटलं नाही. कागद चुकायचा, मी दुसरा लावायचे.” आणि थोड्या वेळाने, “इथे मी कागदच लावला नाही, मॅडम. स्वतःलाच लावून ठेवलंय.”

या वाक्यात माझे काहीही नाही, सगळे तिचे आहे. ज्या जुन्या शिस्तीची तिला लाज वाटू लागली होती, त्याच शिस्तीने तिला कामाची चूक आणि स्वतःची किंमत वेगळी ठेवायला शिकवले होते. वेगळ्या देशात, वेगळ्या भाषेत तिला तेच पुन्हा करायचे होते.

पुढच्या चर्चेत तिने चारकोलची तीन अपुरी रेखाटने भिंतीवर लावली. चमत्कार झाला नाही. एका विद्यार्थ्याने त्यांना ‘अभ्यासवर्गातली’ म्हटले आणि तिचे कान तापले. दुसऱ्या एकीने विचारले की एवढा ठाम हात तू कमावलास कसा, मलाही शिकव. प्राध्यापिकांनी फक्त विचारले की तिन्ही चित्रांत चेहरे पूर्ण आणि हात अपुरे का आहेत. तिच्याकडे उत्तर नव्हते, आणि उत्तर नसताना वर्गासमोर उभे राहता येते हे तिने त्या दिवशी अनुभवले. त्यानंतर ती ट्राममध्ये प्रवाशांचे हात काढू लागली: दांड्या धरलेले, हातमोजे काढणारे, मोबाइलवर सरकणारे.

त्याच सुमारास ती कोलोनला जर्मन चित्रकार केटे कोल्विट्झ यांचे संग्रहालय पाहून आली. कोल्विट्झ यांची रेखाटनावरची पकड कोणालाही मान्य व्हावी अशी, आणि तरीही १९२० मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, जर्मन शिल्पकार अर्न्स्ट बार्लाख यांची काष्ठमुद्रिते, म्हणजे लाकडावर कोरून छापलेली चित्रे (वुडकट), पाहून त्या वुडकटकडे वळल्या आणि त्यातून ‘युद्ध’ ही मालिका आली. “त्यांनी येत असलेलं टाकून दिलं नाही,” तिने मला लिहिले, “त्यात नवीन मिळवलं.” हे वाक्य मी आता इतर मुलांनाही ऐकवते.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी, कारण ती बहुतेक भारतीय मुलांच्या वाट्याला येते. तिला कोणीतरी विचारले की तुझ्या कामात भारत का दिसत नाही, आणि तिने रुंडगांगसाठी वारली आकृत्या रंगवायचे मनात घेतले. तिचा वारली समाजाशी काहीही संबंध नव्हता. मी तिला एवढेच विचारले की हा प्रश्न तुला आधी पडला होता का. तिने वारलीचा बेत सोडला आणि ट्राममधल्या हातांचे लिथोग्राफ लावले. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने देशाचे प्रतिनिधित्व करायलाच हवे, असे कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

पालकांना माझी पहिली विनंती ही, की “आज काय शिकवलं?” हे विचारणे बंद करा. त्या व्यवस्थेत या प्रश्नाला उत्तरच नसते आणि मूल रोज रात्री रिकाम्या हातांनी तुमच्यापुढे उभे राहते. कोणाशी बोललास, काय पाहिलेस, जेवलीस का, हे विचारा. पैशांचा विषय जाण्याआधी एकदा मोकळेपणी बोलून संपवा, कारण न बोललेला खर्च मुलांच्या छातीवर बसतो. विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच, की पहिल्या महिन्यातच काहीतरी अपुरे भिंतीवर लावा आणि कार्यशाळेतल्या तंत्रज्ञांशी ओळख करून घ्या. प्राध्यापक आठवड्यातून एकदा भेटतात, तंत्रज्ञ रोज, आणि दगड कसा घासायचा हे तेच दाखवतात.

मात्र प्रत्येक रडणे या प्रकारचे नसते. डिसेंबरात तिकडे दुपारी साडेचारच्या सुमारासच अंधारून येते, थंडी असते, माणसे आपापल्या घरात असतात. मूल आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर पडत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका. जर्मनीत विद्यार्थी-सेवा संस्थांमार्फत, म्हणजे स्टुडिएरेंडनवेर्ककडून, विद्यार्थ्यांसाठी मानसिक समुपदेशन मिळते. तिथे आधी जायला सांगा, आणि तातडीची वेळ असेल तर युरोपभर चालणारा ११२ हा क्रमांक त्याला पाठ असू द्या. अशा वेळी परत बोलावणे हाही योग्य निर्णय असू शकतो आणि त्यात कोणाचीही हार नसते.

ती मार्चमध्ये परतली. तिची शैली तिला सापडलेली नाही आणि ती तसे न अडखळता सांगते. महाविद्यालयात पुन्हा हेड स्टडी, पुन्हा सबमिशन सुरू झाले, आणि पहिले काही आठवडे तिला इथलेच सगळे परके वाटले. हेही स्वाभाविक आहे, म्हणून परतलेल्या मुलांनी निदान एक भेट तरी घ्यावी असा माझा आग्रह असतो. सध्या वर्गातल्या चौघांनी शनिवारी एकमेकांचे अपुरे काम लावून बोलायचे ठरवले आहे. पदव्युत्तर शिक्षण इथे घ्यायचे की तिकडे, हा तिचा पुढचा प्रश्न आहे, आणि त्यावर आम्ही तिच्या अंतिम परीक्षेनंतर बसणार आहोत.