नातवाला दिलं ते औषध भाऊजींना का नाही?

प्रश्न : सूनबाईची प्रसूती तिसाव्या आठवड्यातच झाली. नातू १३०० ग्रॅमचा, श्वास घेताना कण्हायचा. श्वासनळीत औषध सोडलं आणि दुपारपर्यंत द्यावा लागणारा ऑक्सिजन निम्म्यावर आला. तरी नाकातली नळी का काढत नाहीत? औषध डुकराचं असतं म्हणे? आमचे धाकटे भाऊजी न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर आहेत, त्यांना हेच का देत नाहीत?
– एक आजी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : आजी, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर मंडळींनीही वर्षानुवर्षं डोकं खपवलं आहे. पण आधी नातू.

वायुकोशांना, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना, आतून स्निग्ध पदार्थाचा पातळ थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. नातवाला दिलं ते औषध हेच. तो कमी पडला की श्वास सोडताच वायुकोश ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे चिकटतात. सगळी हवा निघून जाऊ नये म्हणून बाळ गळा आवळून धरतं. तुम्ही ऐकलंत ते कण्हणं हेच. हा थर पुरेसा व्हायला साधारण चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजारानं दोन दिवसांत गेला, कारण द्यायला औषधच नव्हतं. जपानच्या डॉ. फुजिवारांनी १९८० मध्ये सर्फॅक्टंट दिलेल्या दहा बाळांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि मग चित्र पालटलं.

आमच्या विभागात सिस्टर कुपी फ्रिजमधून काढून तळहातात धरून कोमट करते. जोरात हलवायची नाही, फेस होतो. नुसती अलगद उलटीसुलटी करायची. पोरॅक्टंट या प्रकारचं सर्फॅक्टंट असेल तर किलोला अडीच मिली, म्हणजे तुमच्या नातवाला सव्वातीन मिली, दुधासारखं पांढरं. पोरॅक्टंट डुकराच्या फुप्फुसातून काढतात हे खरं. बेरॅक्टंट हा दुसरा प्रकार गाईच्या. तेव्हा सोवळं सांभाळून निवडायचं म्हटलं तरी पंचाईतच! बाळाचा श्वास आधी.

आता नळी. वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यातली भिंत अशा बाळात कच्ची असते. ती पाझरली की रक्तातली प्रथिनं आत येतात आणि दिलेलं सर्फॅक्टंटही निकामी करतात. वायुकोश सारखे मिटले-ताणले तर भिंत आणखी फाटते. नळीतून येणारा हलका, सततचा दाब ते उघडे ठेवतो, तोवर बाळाच्या पेशी स्वतःचा थर तयार करू लागतात. ऑक्सिजन उतरला म्हणून घाई नको.

भाऊजींचं दुखणं वेगळं. गंभीर न्यूमोनियातून एआरडीएस, म्हणजे फुप्फुसं सुजून श्वास अचानक निकामी होण्याचा आजार, झाला असेल तर त्यांच्यात मूळचा तुटवडा नाही, भिंतच सुजून गळते आहे. वरून ओतलेलं औषध त्या प्रथिनांत वाया जातं, शिवाय मोठ्यांना ते फार लागतं. मोठ्या माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. कमी झाले ते भिंतीला जपल्यानं : २००० सालच्या अमेरिकी अभ्यासात व्हेंटिलेटरच्या प्रत्येक श्वासातली हवा उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोला बारा मिलीवरून सहावर आणली, तेव्हा मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. तीव्र आजारात पालथं झोपवण्याचाही उपयोग होतो. त्यांना ते लागू पडेल का, हे तिथल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि नातवाकडे जाताना अंगठ्या-बांगड्या घरीच ठेवा, हात कोपरापर्यंत धुवा. सूनबाईला त्याला छातीशी कधी घेता येईल, ते सिस्टरना आजच विचारून ठेवा. नळी असतानाही बहुतेकदा घेता येतं.