टीव्हीवर ‘एचडीसीपी एरर’: दावा लावण्यापूर्वी केबल तपासा

प्रश्न: चवथीला म्हापशातल्या दुकानातून फोर-के टीव्ही घेतला. जुन्या होम थिएटरमधून सेट-टॉप बॉक्स जोडला की पडदा काळा होतो, ‘एचडीसीपी एरर’ दिसते. दुकानदार म्हणतो, लॉक काढणारा स्प्लिटर लावा. तो गुन्हा ठरेल का? पैसे परत मिळतील का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: एचडीसीपी म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राची नक्कल रोखणारे डिजिटल लॉक. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ नुसार असे लॉक तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, मात्र त्यामागे हक्कभंगाचा हेतू लागतो. पैसे भरलेला कार्यक्रम घरच्या पडद्यावर पाहणे त्यात बसवणे कठीण आहे. रेकॉर्डर लावून प्रती वाटल्या तर गोष्ट वेगळी. तरीही स्प्लिटर नकोच. ‘ग्राहकाने बाहेरचे यंत्र जोडले’ हा बचाव कंपनीला आयता मिळेल.

फोर-के चित्राला बहुधा एचडीसीपी २.२ लागते, आणि मधल्या प्रत्येक उपकरणात ती असावी लागते. होम थिएटर जुन्या एचडीसीपी १.४ चे असेल तर चित्र तिथेच अडते. म्हणून बॉक्स थेट टीव्हीला, एकेक करून सगळ्या एचडीएमआय पोर्टना जोडून पाहा. सगळीकडे चित्र आले तर टीव्हीत दोष नाही, दावा टिकणार नाही. बॉक्स टीव्हीलाच ठेवा आणि आवाज टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (आवाज बाहेर पाठवणारा एचडीएमआय पोर्ट) किंवा ऑप्टिकल केबलने होम थिएटरला न्या.

चित्र आलेच नाही, तर तोच बॉक्स आणि तीच केबल दुसऱ्या फोर-के टीव्हीवर लावून खात्री करा. किंवा एकाच पोर्टवर आले आणि जाहिरातीत सगळे पोर्ट फोर-केचे म्हटले आहेत, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(१०) तुमच्या बाजूचे आहे: विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जात उणीव हाही दोषच. टीव्हीचे खोके भंगारात देऊ नका. एररचे व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. कंपनीचा माणूस जॉबशीटवर ‘ओके’ लिहून सही मागेल. आधी ‘पोर्ट २ वर चित्र नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहा, मगच सही करा.

नंतर दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. दाद न मिळाल्यास खरेदीपासून दोन वर्षांच्या आत पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा आणि दोघांनाही प्रतिवादी करा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. आयोगाने टीव्ही प्रयोगशाळेत पाठवला तर चाचणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागेल.