‘स्पे. मु. नं.’ मधला ‘स्पे.’ कसला?

प्रश्न असा आला होता : पेपरातल्या जाहीर समन्सात ‘स्पे. मु. नं.’ असतं, म्हणजे दावा गुंतागुंतीचा म्हणून कोर्टाने वेगळा काढलेला असतो का?

नाही. हा ‘स्पेशल मुकदमा नंबर’, आणि त्यातलं स्पेशलपण निव्वळ पैशाचं. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे 5 लाखांपर्यंतचे दावे चालतात, त्यांचा ‘रे. मु. नं.’, म्हणजे रेग्युलर. त्यावरचे वरिष्ठ स्तराकडे. कनिष्ठ कोर्टांच्या आवाक्याबाहेरच्या रकमेचे दावे चालवायला 1869 च्या दिवाणी न्यायालयांच्या कायद्याने वरिष्ठ स्तराला नेहमीच्या अधिकाराखेरीज ‘विशेष अधिकारिता’ दिली. विशेषण होतं अधिकाराचं, चिकटलं दाव्याला.

त्यामुळे गंमत होते. हातउसन्या 6 लाखांची वसुली, एक वादी, एक प्रतिवादी, एक चेक : हा स्पेशल! उलट पणजोबांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा घ्या. वारसांची यादी दोन पानं, त्यातले काही मयत, त्यांचे वारस रेकॉर्डवर आणायचे, कुणाचा पत्ताच नाही म्हणून पेपरात समन्स, मध्येच निशाणी 5 वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, ताकिदीचं भांडण. तरी तो रेग्युलरच राहू शकतो, कारण शेतजमिनीची किंमत तिथे बाजारभावाने नाही, आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, पटीत धरतात.

2015 च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यातल्या ‘कमर्शियल’ दाव्यांचंही तसंच : वाद व्यापारी हवा आणि किंमत 2018 पासून किमान 3 लाख. गुंता कुणी मोजत नाही. पण तिथे ‘केस मॅनेजमेंट हिअरिंग’ मिळतं. मुद्दे काढून साक्षीपुराव्याच्या तारखा आधीच ठरतात, आणि पहिल्या हिअरिंगपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवायचा असतो. खरी गरज वाटपाच्या दाव्याला, असं माझं मत; त्याच्या रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेगणिक नोंदीत, मात्र ‘पुढील तारीख’. कॅलिफोर्नियात दावा गुंतागुंतीचा आहे का, हे वादीला दाखल करतानाच पहिल्या पानावर सांगावं लागतं. आपल्याकडे तशी चौकट नाही.

तेव्हा लिहिताना ‘गुंतागुंतीचा दावा’ म्हणा, ‘विशेष दावा’ नको. ‘क्लिष्ट’ही मी टाळेन, क्लिष्ट असते ती वादपत्राची भाषा. आणि ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या संकेतस्थळावर, त्या समन्सातला दावा शोधणार असाल, तर प्रकार ‘स्पेशल सिव्हिल सूट’ निवडा, नाहीतर त्याच नंबरचा दुसऱ्याच कुणाचा तरी रेग्युलर दावा उघडेल.